थिजलेलं तेल

माझी लेक चार वर्षांची होईपर्यंत बाकीच्या मुलांसारखीच होती. घरासमोरच्या चिऱ्याच्या पायऱ्या ती उलट्या तोंडाने, बसून बसून उतरायची. मग एका वर्षात ती पडायला लागली, बोललेले शब्द विसरायला लागली, आणि सहाव्या वर्षी तिची मान धरेनाशी झाली. मुंबईला तपासण्या केल्या. मेंदूचा आजार होता, जन्मापासूनच रक्तात असलेला, हळूहळू वाढत जाणारा. त्यावर इलाज नाही, एवढं तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. तेव्हापासून कोणी हळू आवाजात बोललं की ते वाईटच असणार असं मी धरून चालते.

मी रत्नागिरीत पोस्टात काउंटरवर काम करते. आमचे हे जहाजावर आहेत. सात-आठ महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने घरी. लेक अंथरुणाला खिळली तेव्हा मी नोकरी सोडायचं ठरवलं होतं. माझी थोरली बहीण दाभोळहून आली आणि म्हणाली, "नोकरी सोडू नको गो. मी आहे ना." तिचे यजमान जाऊन पाच वर्षं झाली होती, मुलगे मुंबईत आपापल्या संसाराला लागले होते. ती एक पिशवी घेऊन आली ती राहिलीच. तीन वर्षं तिने माझ्या लेकीला न्हाऊ घातलं, कुशीवर वळवलं, पेजेचा एकेक चमचा अर्धा-अर्धा तास लावून भरवला. मी जे पुढे सांगणार आहे ते सांगण्याआधी हे सांगायलाच हवं. तिच्या हातून लेकीच्या पाठीला एकदाही जखम झाली नाही. अंथरुणावरच्या मुलांच्या बाबतीत ही केवढी गोष्ट आहे, ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल.

आठव्या वर्षी लेकीचं दुखणं वाढलं. दिवसातून कितीतरी वेळा तिचं अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं, मुठी इतक्या घट्ट मिटायच्या की नखं तळव्यात रुतायची. म्हणून आम्ही तिच्या मुठींत मऊ कापडाच्या गुंडाळ्या ठेवायचो. झटके वेगळेच. आणि ती रडायची. तिचं रडणं आवाजापेक्षा श्वासाचंच जास्त असायचं. झटक्यांची तीन औषधं चालू होती. ती वाढवली की लेक दिवसभर गुंगीत, गिळताना ठसका. कमी केली की पुन्हा ताठ.

मुंबईहून एक डॉक्टरबाई महिन्यातून एकदा रत्नागिरीत येत. बऱ्या न होणाऱ्या मुलांचं दुखणं हलकं करणं, एवढंच त्यांचं काम. पहिल्या भेटीत त्यांनी लेकीची मूठ आपल्या हातात घेतली आणि ती आपोआप सैल होईपर्यंत तशीच धरून ठेवली. पाच-सात मिनिटं गेली असतील. तोवर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मला त्या तेव्हाच आवडल्या.

त्यांनीच पावसाळ्यात विषय काढला. म्हणाल्या, "एक तेल आहे. विजया म्हणतात. भांगेच्या झाडापासून काढलेलं."

मी विचारलं, "म्हणजे गांजा?"

"झाड तेच. पण हे परवाना असलेल्या ठिकाणी, मोजूनमापून तयार केलेलं औषध आहे. माझ्या ओळखीचे एक वैद्य आहेत, ते तिचे सगळे कागद बघतील आणि त्यांच्या चिठ्ठीवर ते मिळेल. मी तिच्या बाकीच्या औषधांवर लक्ष ठेवीन." मग त्या म्हणाल्या, "याने ती बरी होणार नाही. काही मुलांना याचा उपयोग होतो, काहींना अजिबात होत नाही. तिला थोडा आराम मिळाला तर मिळाला. तुमच्या घरात सगळ्यांशी बोला आणि मग सांगा."

मी घरात सगळ्यांशी बोलले. सगळे म्हणजे दोघंच. ताई म्हणाली, "डॉक्टर सांगतात तर मी कोण नाही म्हणणारी?" आमचे हे तेव्हा जहाजावर होते. पुढच्या भेटीला डॉक्टरबाईंनी त्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. त्यांनी चांगले प्रश्न विचारले. सवय लागेल का, झोपेत श्वास अडकेल का, पोलिसांचं काही लफडं होईल का. डॉक्टरबाईंनी एकेकाचं उत्तर दिलं, चिठ्ठी दाखवली. शेवटी हे म्हणाले, "ठीक आहे. माझी हरकत नाही." आणि नंतर मला एकटीला फोन करून म्हणाले, "तू करतेस ते बरोबरच करतेस." हे वाक्य मी खूप दिवस सांभाळून ठेवलं होतं.

पहिल्या बाटल्या मी स्वतः आणल्या, पुढच्या कुरिअरने येऊ लागल्या. तपकिरी काचेची बाटली, रबरी ड्रॉपर. तेल काळपट हिरवं, तिळाच्या तेलातलं, वास कडवट, उन्हात वाळत टाकलेल्या गवतासारखा. सकाळी आणि संध्याकाळी मी द्यायचे, दुपारी ताई. जिभेखाली थेंब सोडायचे आणि हनुवटी हलकेच वर धरायची. पहिले दहा दिवस काही नाही. मग एक दिवस मी पोस्टातून आले तर ताई दारातच उभी.

"ये, बघ," म्हणाली.

लेकीच्या मुठी उघड्या होत्या. दोन्ही. कापडाच्या गुंडाळ्या उशीशी पडलेल्या, बोटं चादरीवर सैल. ताईने तिचे तळवे धुतले होते, तिथली कातडी ओल्या कागदासारखी पांढरी झाली होती, इतके दिवस हवा न लागल्यामुळे. आम्ही दोघी बहिणी पलंगाच्या दोन बाजूंना बसून एकेक हात धरून रडलो.

गणपती गेले, नवरात्र गेलं. झटके थांबले नव्हते, पण कमी झाले होते. गुंगी आणणारं एक औषध डॉक्टरबाईंनी निम्म्यावर आणलं आणि लेक दिवसा जागी राहायला लागली. कुकरची शिट्टी झाली की ती हसायची. तोंड एका बाजूला जायचं आणि घशातून आवाज यायचा. आमच्याकडे त्या दोन महिन्यांत गरजेपेक्षा जास्त वेळा कुकर लागला.

दिवाळीच्या आधी हे घरी आले. लेकीला असं बघून त्यांना आनंद झालाच. तिला मांडीवर घेऊन ते तासन्‌तास ओसरीवर बसायचे. पण दिवाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात सगळं फिरलं. मुठी पुन्हा मिटल्या. अंग पुन्हा ताठ. कुकरची शिट्टी झाली की आता ती दचकायची आणि तिथून झटका सुरू व्हायचा, म्हणून आम्ही भात पातेल्यात शिजवायला लागलो.

मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी मात्रा वाढवली. फरक पडला नाही. पुढच्या भेटीत आणखी वाढवली. त्या भेटीला हे माझ्या शेजारी बसले होते. डॉक्टरबाईंनी विचारलं, "तेल वेळेवर जातंय ना? नवी बाटली नीट आली ना?" मी म्हटलं, हो. हे खाली बघत होते. मला वाटलं, बापाचा जीव, सहन होत नसेल. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

डिसेंबरमध्ये डॉक्टरबाई म्हणाल्या, "मला वाटतं, आजारच पुढे गेला आहे. सुरुवातीला मिळाला तेवढा उपयोग मिळाला." जुनं गुंगीचं औषध पुन्हा पूर्ण केलं, वर आणखी एक दिलं. लेक पुन्हा दिवसभर मिटलेल्या डोळ्यांनी पडून राहायला लागली. तिला पेज गिळता येईना, छातीत कफ साठला, नाकातून नळी घालावी लागली. नळी घालताना तिचे पाय हे धरून होते. घरी येताना रिक्षात ते मला म्हणाले, "बघ, नाहीच लागू पडलं ते औषध. देवाची मर्जी." मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

महिना संपायच्या आत त्यांना जहाजावर बोलावणं आलं आणि ते गेले.

डॉक्टरबाईंनी तेल एकदम बंद करायचं नाही, हळूहळू उतरवू, असं सांगितलं होतं, म्हणून ते चालूच होतं. जानेवारीत एका आठवड्यात आमच्याकडे चांगली थंडी पडली. बाटली एरवी शेगडीजवळच्या फळीवर असायची. एका संध्याकाळी मी ती खिडकीत ठेवून विसरले. सकाळी सहाला उठून मी ड्रॉपर आत घातला आणि दाबला, तर काही वर येईना. मला वाटलं, संपलं. उजेडाकडे धरून बघितलं. बाटली अर्धी भरलेली होती. आतलं तेल थिजून पांढरट हिरवं झालं होतं.

आमच्याकडच्या कोणाही बाईला हे सांगावं लागत नाही की कुठलं तेल थंडीत थिजतं. तिळाचं थिजत नाही.

मी न्हाणीघरात गेले. तिथे फळीवर ताईच्या केसांच्या तेलाची बरणी होती. खोबरेल आणि त्यात माका आणि ब्राह्मी उकळून ती दर दोन महिन्यांनी हे तेल घरीच करायची, माझ्याही डोक्याला तीच चोळायची. बरणीतलं तेल थिजलं होतं. रंग तोच. मी बोटावर घेऊन वास घेतला, मग बाटलीतलं काडीने काढून वास घेतला. नवीन बाटलीचा वास थोडा वेगळा येतो हे मला दिवाळीनंतरच जाणवलं होतं, आणि मीच माझी समजूत घातली होती की या खेपेचा माल वेगळा असेल.

ताई मागीलदारी चुलीवर पाणी तापवत होती. मी बाटली तिच्यासमोर धरली.

"ताई, हे काय आहे?"

"औषध ते," ती म्हणाली. पण तिने बाटलीकडे बघितलंच नाही.

"औषध थिजत नाही."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. धूर झाला. मग म्हणाली, "बस जरा."

"मी बसत नाही. तू सांग."

"भावोजी बोलले होते मला. दिवाळी झाल्यावर." ती धुरातच उभी राहून बोलत होती. "त्यांच्या जहाजावरच्या कोणाची तरी तपासणी झाली, अंगात गांजा निघाला, त्याला उतरवून दिलं. ते म्हणाले, घरात ही बाटली, मी पोरीला मांडीवर घेतो, तिची लाळ हाताला लागते, उद्या माझ्या रक्तात निघालं तर? आणि गावात कळलं तर? ते म्हणाले, तिला सांगून उपयोग नाही, ती डॉक्टरच्या पुढे जायची नाही."

"आणि तू?"

"मला पहिल्यापासून ते पटत नव्हतं गो."

"तू म्हणालीस, मी कोण नाही म्हणणारी."

"म्हणाले." तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, धुराचं की कसलं ते मला कळलं नाही. "तुला आनंद झाला होता. पण माझ्या मनात येई, एवढंसं लेकरू, जायचंच आहे तर नशेत का जावं? चांगलं स्वच्छ जाऊ दे. कुरिअरचा डबा मीच घ्यायची. बाटल्या ओतून धुतल्या आणि आपलं तेल भरलं. वाईट काही घातलं नाही, बाय. तेलच ते. पोटात गेलं तरी बाधत नाही."

"ती हसत होती, ताई. तू बघत होतीस. मुठी तूच मला दाखवल्यास."

तिने मागे ओढलेलं लाकूड पुन्हा चुलीत सारलं.

मला अजूनही सगळ्यात जास्त हे लागतं की दुपारची मात्रा तिची होती, पण सकाळ-संध्याकाळची माझी. दोन महिने मी डोक्याला लावायचं तेल माझ्या हातांनी मोजून, थेंब मोजताना श्वास रोखून, लेकीच्या जिभेखाली सोडत होते. डॉक्टरबाईंनी मात्रा वाढवली तेव्हा मी जास्त थेंब दिले. आणि ते दोघं बघत होते.

मी आधी डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. आता नीट ऐका. खरं औषध आलं तर वाढवलेल्या मात्रेने देऊ नका. दोन महिने तिच्या पोटात ते गेलेलंच नाही. पुन्हा अगदी थोड्यापासून सुरू करायचं. शिवाय आता तिला गुंगीची औषधं जास्त आहेत, म्हणून आणखी सावकाश." मी हो हो म्हणत होते. फोन ठेवण्याआधी त्या म्हणाल्या, "आजार पुढे गेला असं मी तुम्हाला सांगितलं. ते मी खोट्या माहितीवर सांगितलं." त्यांचा आवाज मला अनोळखी वाटला. त्यांनाही फसवलं होतं, आणि फसवणारं घर माझं होतं. मला त्यांची माफी मागायची होती, पण मी फक्त पुढच्या भेटीची तारीख विचारली.

ह्यांचा फोन तीन दिवसांनी लागला. जहाज कुठल्यातरी बंदराजवळ आलं होतं. ताईने त्यांना आधीच कळवलं असावं, कारण मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "आधी माझं ऐकून घे."

"ऐकते."

"मी तुम्हा सगळ्यांसाठीच केलं. माझी नोकरी गेली तर तिचं दवाखान्याचं कसं केलं असतं आपण?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तू ऐकली नसतीस."

"नसते ऐकले. भांडले असते. मग डॉक्टरांना विचारलं असतं की लाळेतून असं काही होतं का. तुम्ही विचारलंत का कोणाला?"

"नाही."

"मी आणलेल्या पहिल्या बाटल्यांतल्या दोन शिल्लक होत्या, मला वाटलं ताईने दुपारी वापरल्या. त्या कुठे आहेत?"

"भाट्याच्या पुलावरून टाकल्या. खाडीत."

मला तो दिवस आठवला. दिवाळीनंतर आम्ही दोघं स्कूटरवरून भाट्याला गेलो होतो, कितीतरी वर्षांनी दोघंच. पुलावर त्यांनी गाडी थांबवली आणि म्हणाले, तू जरा पुढे हो, वारा बघ काय सुटलाय. मी पुढे जाऊन कठड्याला धरून समुद्राकडे बघत उभी होते. त्या संध्याकाळी मी सुखात होते.

"रिक्षात तुम्ही देवाचं नाव घेतलंत," मी म्हटलं. "ती नळी देवाने घातली नव्हती." आणि मी फोन ठेवला.

ताईला मी जा म्हटलं नाही. म्हणू शकले नाही, लेकीला एकटीला ठेवून पोस्टात कशी जाणार? मी साठवलेली सगळी रजा काढली, आणि मी रजेवर आहे हे कळल्यावर तिने आपली पिशवी भरली. जाताना तिने लेकीच्या कपाळावर हात ठेवला, पुटपुटली, आणि माझ्याकडे न बघता रिक्षात बसली. मी तिला थांबवलं नाही.

खरं तेल पुन्हा सुरू झालं, अगदी एका थेंबापासून. फेब्रुवारीच्या शेवटाला डावी मूठ सैल पडायला लागली. उजवी शेवटपर्यंत अर्धीच उघडली. एक औषध पुन्हा कमी करता आलं आणि ती दिवसातून थोडा वेळ डोळे उघडायची. नळी मात्र निघाली नाही. डॉक्टरबाईंना मी विचारलं, मधले दोन महिने गेले नसते तर? त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. खरंच माहीत नाही." त्यांनी काही फरक पडला नसता म्हणून माझं समाधान केलं असतं तर कदाचित मला बरं वाटलं असतं. पण मग त्यांच्यावरचाही विश्वास उडाला असता.

एप्रिलमध्ये, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, ती गेली. बाहेर कोणीतरी आंब्याच्या पेट्यांना खिळे ठोकत होतं. शेवटच्या दिवसांत ती फारशी ताठ झाली नाही, रडली नाही. हे विमानाने आले, दुसऱ्या दिवशी पोचले. ताई दाभोळहून आली आणि बायकांच्या घोळक्यात मागे बसली. तेराव्यापर्यंत आम्ही तिघं एका घरात होतो. स्वयंपाक होत होता, लोक येत होते, मी सगळ्यांशी बोलत होते. येणारी प्रत्येक बाई ताईकडे बघून म्हणायची, "अशी मावशी कोणाला मिळायची नाही हो." खोटं नव्हतं ते. मी मान डोलवायचे.

ह्यांनी तेराव्यानंतर माफी मागितली. पाया पडल्यासारखे खाली बसले. मी त्यांना उठवलं, चहा दिला. आम्ही अजून एकत्रच आहोत. ते फोन करतात, मी बोलते, घराचं सगळं सांगते. त्यांनी एक फोटो भिंतीवर लावला आहे, ज्यात लेक त्यांच्या मांडीवर आहे. दिवाळीचाच आहे. ते घरी नसताना मी तो काढून कपाटात ठेवते आणि यायच्या आदल्या दिवशी परत लावते. त्यांना हे माहीत नाही. म्हणजे आता मीही त्यांच्यापासून काहीतरी लपवते.

ताईशी बोलणं अजून तुटकच आहे. ती दर सणाला फोन करते, तब्येतीचं विचारते. मला तिचा राग येतो आणि तिची आठवणही येते, दोन्ही एकाच वेळी. तिला आपण पाप केलं असं वाटतं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही. नाही म्हणाली तर मला तिच्याशी पुन्हा बोलता येणार नाही.

मागच्या महिन्यात डॉक्टरबाईंचा फोन आला. नाटे गावची एक मुलगी आहे, सहा वर्षांची, असाच आजार. तिच्या आईशी बोलाल का? मी गेले. दवाखान्याच्या बाकावर ती आई लेकीला मांडीवर घेऊन बसली होती, माझ्याहून बरीच लहान, डोक्यावरून ओढणी घेतलेली. तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर, घरात सासू, दीर, जावा. तिने मला मुठींबद्दल विचारलं, झोपेबद्दल विचारलं. मी आठवेल ते सगळं सांगितलं. मग तिने आवाज खाली आणला.

"आपा, घरात सांगू की नको सांगू? सांगितलं तर देऊ देणार नाहीत."

 मी सगळ्यांना सांगितलं होतं, आणि सगळे हो म्हणाले होते.

"सांगा," मी शेवटी म्हटलं. "इथे घेऊन या त्यांना, डॉक्टरांच्या समोर बसवा. मनात असेल ते त्यांनाच बोलायला लावा. नाही म्हणाले तर नाही म्हणू देत, भांडण होऊ दे. पण नुसतं हो म्हणाले, तर पुन्हा विचारा."

तिने मान हलवली. तिला कळलं की नाही कोण जाणे. मग आतून तिच्या मुलीच्या नावाने हाक आली, तसं तिने लेकराला खांद्यावर घेतलं, एका हाताने दार ढकललं आणि आत गेली.